सेप्सिसने मृत्यू : ‘नमुना ४’ वर काय लिहिलेलं असावं?

१ ऑक्टोबर २०२३च्या सुमारास नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. मृत्यू नेमके कशाने, हा सवाल तेव्हा सगळ्यांनीच केला. रुग्णालयातल्या प्रत्येक मृत्यूपुरतं त्याचं उत्तर ‘नमुना ४’, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात असायला हवं.

त्यात ‘हृदय बंद पडले’ एवढ्यावर भागत नाही. सेप्सिस, तो कुठल्या संसर्गातून झाला, कल्चर रिपोर्टमध्ये कोणता जंतू निघाला आणि कोणती औषधं त्याच्यावर चालली नाहीत, हे यायला हवं. त्यावरूनच आयसीडी-१० चे कोड लागतात : जंतू लिहिला नसेल तर ए ४१.९, नवजात बाळाला पी ३६, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूसाठी जोडीला यू ८२ ते यू ८४. नोंद अर्धवट राहिली तर असे मृत्यू आकडेवारीत दिसतच नाहीत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. नांदेड असो की लातूर, दफनविधीची घाई असतेच; तरी मय्यत नेताना ही प्रत मागून घ्या. कल्चर रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तो नंतर जाऊन आणा.