परसातला हौद

आमच्या साताऱ्यातल्या घरामागे परसात एक दगडी हौद आहे. यवतेश्वर आणि महादऱ्याकडून खापरी नळांनी शहरात पाणी यायचं, त्या काळचा. घरोघर नळ आले आणि त्याची गरज सरली. आता त्यात पावसाचं पाणी साठतं. वर शेवाळ, तळाशी गुडघाभर गाळ, थोडे मासे आणि एक कासव. धाकटा भाऊ म्हणतो, बुजवून टाकू, स्कूटर लावायला जागा होईल. शिवाय डास! आणि डासांचं त्याचं म्हणणं खोटं नाही.

अम्मी म्हणते, हवा तर उपसा, बुजवायचा नाही. १९७२ च्या दुष्काळात अब्बांनी परसाचं दार उघडं ठेवलं होतं. ज्याला हवं त्यानं घागर बुडवावी. त्यावर दोन-तीन शेजाऱ्यांनी पाणी न्यायचं बंद केलं. हौद बाटला म्हणाले. कुणाच्या घागरीनं बाटला, ते अम्मी आजही सांगत नाही.

हौद साफ करायचा म्हटलं की मला म्हणूनच आधी प्रश्न पडतो, साफ म्हणजे काय? १९०१ सालची गोष्ट पाहा. साताऱ्यात शिकणारा भीमराव नावाचा मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावात खजिनदार होते. कामाची जागा कोणती, तर दुष्काळग्रस्तांना रोजगार म्हणून खोदला जाणारा तलाव! मसूर स्टेशनवर मुलं उतरली. जात कळताच बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर मिळाली. वाटेत जे पाणी दाखवलं गेलं, ते शेणामुताचं. डबे भरलेले, पण पाण्यावाचून जेवता येईना. गाडीवानानं सांगितलं, नाक्यावर मुसलमान म्हणून सांगा. मुलगा नाकेदाराशी उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळालं नाही. पोरं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवलं आहे. ते वाचताना माझ्या नावाच्या माणसाला त्या नाक्यापाशी जरा जास्त वेळ थांबावं लागतं.

त्याच्या आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यांचं मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातलंच. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? तर १०८ घागरींतून दूध, दही, शेण आणि गोमूत्र ओतून! जनावरं त्या तळ्यावर आधीही पाणी पीत होती, त्यानं ते कधी बाटलं नव्हतं. हक्काचा हा खटला हायकोर्टात १९३७ साली निकाली निघाला.

असो. आमच्या हौदाकडे येतो. उपसायचा कसा, ते सांगलीनं शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि आपाच्या परसातली विहीर गढूळ पाण्यानं काठोकाठ भरली. पूर ओसरताच आम्ही घाईनं पंप लावला. भोवतीची माती पाण्यानं जड झालेली. आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरचा भार बांधकाम आत ढकलतो. एका बाजूचे दगड ढासळले. मग रोज हात-दोन हातच पाणी काढलं, गाळ उचलला आणि शेवटी ब्लीचिंग पावडर टाकली.

त्यामुळे हौदाचं असं ठरलंय. काम उन्हाळ्यात, पावसाआधी. पाणी टप्प्याटप्प्यानं काढायचं. मासे आणि कासव त्याच पाण्यासकट टिपात ठेवायचे. गाळ नारळाच्या आळ्यात. तळाचा जुना चुना खरवडायचा नाही, नाहीतर हौद पाझरायला लागेल. पाऊस झाला की डासांसाठी गप्पी मासे सोडायचे. भावाला एवढं पटलं आहे. परसाच्या दाराला कडी लावायची नाही, ही अम्मीची अट आहे. ती त्याला अजून सांगितलेली नाही.