वयाच्या नावाखाली दडलेली वेदना

‘आता या वयात दुखायचेच’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ते निदान नसून निदानाला दिलेली बगल आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन:पुन्हा उद्भवणारी वेदना म्हणजे जुनाट वेदना, अशी वैद्यकशास्त्राची व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये अमलात आली आणि तीत या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. ती नेहमीच दुसऱ्या आजाराचे लक्षण नसते. काही वेळा तीच आजार असते.

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. यांपैकी बहुतेक जण रुग्णालयात वा वृद्धाश्रमात नव्हे, तर आपापल्या घरी राहतात. त्यामुळे त्यांच्या दुखण्याची नोंद सहसा कोठेच होत नाही. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशव्यापी पाहणी केली. ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती तीत घेण्यात आली, आणि वेदनेविषयीही विचारणा झाली.

गुडघे, कंबर आणि मान ही नेहमीची ठिकाणे. मधुमेहींच्या तळपायांची आग होते, ती मज्जातंतूंना झालेल्या इजेमुळे. नागीण बरी झाल्यावरही त्या जागी महिनोन् महिने चटके बसत राहतात आणि हा त्रास वयाबरोबर वाढत जातो. (नागिणीची नवी लस ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे, तिची किंमत मात्र मध्यमवर्गालाही विचार करायला लावणारी आहे.) एक्स-रेवरील झीज आणि प्रत्यक्षातील वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. दीर्घकाळ वेदना सोसलेल्या शरीरात मज्जारज्जू व मेंदूतील वेदनेचे मार्गच अतिसंवेदनशील होतात. ‘एक्स-रे तर ठीक आहे’ हे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते.

खरा धोका मात्र औषधाच्या डब्यात असतो. डायक्लोफिनॅकने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गिधाडाचे शरीर वेगळे आणि माणसाचे वेगळे, हे खरे. तथापि या वर्गातील गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांच्या जठरात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. रक्तदाबाची विशिष्ट गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात ही वेदनाशामक गोळी असे त्रिकूट जमले, तर मूत्रपिंडे अचानक काम थांबवू शकतात. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेल्या गोळीची माहिती रक्तदाबाच्या डॉक्टरांना बहुधा नसते. त्यांनीही ती विचारलेली नसते.

गुडघ्यासाठी पोटात घेण्याच्या गोळीपेक्षा त्याच औषधाचे मलम अधिक सुरक्षित असते. मात्र उपचारांचा कणा औषध नव्हे, तर व्यायाम. ‘दुखते म्हणून हालचाल बंद’ हा सल्ला आपल्या घरांत प्रेमापोटी दिला जातो आणि तोच घात करतो. मांडीचे स्नायू दुबळे होतात, गुडघ्यावरचा भार वाढतो, झोप उडते, देवळापर्यंतचे जाणेही बंद होते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तर महिनाभर रस्ता दिसत नाही. त्यातून येणारे औदासीन्य वेदना आणखी तीव्र करते.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची अवस्था सर्वाधिक बिकट. दुखते हे त्यांना सांगता येत नाही. कुटुंबाला दिसतो तो चिडचिडेपणा. अशा रुग्णांसाठी श्वासाची लय, कण्हणे, चेहऱ्यावरील भाव, शरीराचा ताठरपणा आणि धीर दिल्यावर शांत होणे या पाच गोष्टींवरून वेदना मोजण्याची पद्धत २००३ पासून उपलब्ध आहे. ती घरच्यांनाही शिकता येण्याजोगी आहे.

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतचे विमाकवच लागू झाले. ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे शुल्क त्यात बसत नाही. ते निवृत्तिवेतनातून किंवा मुलांच्या खिशातून जाते, आणि अनेक घरांत महिनाभरातच तो खर्च थांबवला जातो.