वहीत न दिसणारे देणे

३१ मार्चला सरकारची वही बंद होते. एखाद्या विद्यार्थ्याची मंजूर शिष्यवृत्ती त्या दिवसापर्यंत दिली गेली नसेल, तर वर्षाच्या हिशेबात ती कुठेच दिसत नाही. खर्च कमी, तूटही कमी. ही बचत नेमकी कोणाच्या पोटाला चिमटा काढून झाली?

याला रोख पद्धत म्हणतात. पैसा तिजोरीतून गेला तरच खर्च. म्हणून उलटेही घडते: निधी एखाद्या महामंडळाच्या खात्यात वळवला की तो खर्ची पडतो, लाभार्थ्याला छदाम मिळो न मिळो. उपार्जित पद्धतीत देणे ज्या दिवशी निर्माण होते, त्याच दिवशी नोंदवावे लागते.

रोख पद्धतीचा हा वारसा ब्रिटिश राजवटीचा. न्यूझीलंडने १९८९ मध्ये आणि खुद्द ब्रिटनने २००० मध्ये कायदा करून उपार्जित पद्धतीची वाट धरली. आपल्याकडे २००२ मध्ये कॅगने शासकीय लेखा मानकांसाठी सल्लागार मंडळ नेमले, बाराव्या वित्त आयोगाने २००४ मध्ये या बदलाची शिफारस केली, केंद्राने ती तत्त्वतः मान्य केली. तत्त्व कागदावर राहिले; केंद्राचा अर्थसंकल्प आजही रोखीवरच चालतो.

विरोधकांचे आक्षेप पोकळ नाहीत. रोख रक्कम मोजता येते. धरणाची, रस्त्याची, वनजमिनीची किंमत अंदाजाने लावावी लागते आणि अंदाजात हातचलाखीला वाव असतो. शिवाय सार्वजनिक मालमत्तेवर किमतीची चिठ्ठी लागली की ती विकायला काढणे सोपे होते, ही भीतीही खरी आहे. पण त्यासाठी देणी लपवण्याचे कारण काय? विधिमंडळाची मंजुरी रोखीत राहू द्या. थकलेल्या देण्यांची यादी मात्र योजनावार, दरवर्षी सभागृहापुढे आली पाहिजे. सुरुवात तिथूनच व्हावी.

बाबासाहेबांनी १९२५ च्या ग्रंथात ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा इतिहास मांडला. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. सरकारी लेख्यांचा नमुना कॅगच्या सल्ल्याने ठरावा, असे अनुच्छेद १५० सांगते. म्हणजे वही कशी लिहायची हा कारकुनी नव्हे, घटनात्मक प्रश्न आहे.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. ती हक्क असेल, तर थकलेली रक्कम सरकारवरचे कर्ज आहे. आणि कर्ज वहीत लिहावेच लागते.