कॅमेरा कोणाच्या हातात?

सप्टेंबर १९६७ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात, लेचर परगण्यातील जेरेमाया ह्या वस्तीत, ह्यू ओ'कॉनर हा कॅनडाचा चित्रपटकार एका खाणकामगाराचे चित्रीकरण करीत होता. कामगाराची त्याला संमती होती. परंतु जागेचा मालक होबार्ट आयसन बंदूक घेऊन आला. त्याने पाहुण्यांना निघून जाण्यास फर्मावले, आणि ते सामान आवरून निघत असतानाच गोळी झाडली. ओ'कॉनर मरण पावला. पुढे खटला चालला तेव्हा परिसरातील अनेकांची सहानुभूती आरोपीकडे होती.

ही सहानुभूती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि ॲपलाचियाच्या डोंगरांत छायाचित्रकारांची व दूरचित्रवाणीवाल्यांची रीघ लागली. मोडक्या ओसऱ्या आणि अनवाणी पोरे घरोघरी दिसू लागली. पाहणाऱ्यांना कणव आली. ज्यांना पाहिले गेले त्यांच्या वाट्याला मात्र लाज आली. डोंगर पोखरून कोळसा नेणाऱ्या कंपन्या त्या चौकटीत क्वचितच येत. आयसनने केलेल्या हत्येचे समर्थन होऊ शकत नाही, परंतु तिच्यामागचा अपमान एकट्या त्याचा नव्हता.

दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, त्याच परगण्याचे मुख्य ठिकाण असलेल्या व्हाइट्सबर्ग गावात एक चित्रपट कार्यशाळा सुरू झाली. बिल रिचर्डसन हा वास्तुशास्त्र शिकलेला तरुण ती चालवीत होता. पैसा संघ सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन खात्याचा आणि अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा होता. गरीब तरुणांना कॅमेरा व संकलन शिकवावे आणि चित्रपट-दूरचित्रवाणीच्या धंद्यात नोकरीला लावावे, हा हेतू. त्यात एक अडचण होती. त्या डोंगरांत असा धंदाच नव्हता, त्यामुळे कसब शिकणे म्हणजे गाव सोडणे. शिकलेल्यांपैकी काहींनी ते नाकारले. ते गावातच राहिले, आणि पुढे संस्था त्यांनी स्वतःच्या हाती घेतली. तीच आजची 'ॲपलशॉप'. कागदावरच्या उद्दिष्टाच्या हिशेबाने योजना फसली. आम्हांला तिचे खरे यश ह्या फसण्यातच दिसते.

ह्या मुलांनी प्रथम काय टिपले, हे पाहण्यासारखे आहे. गावचा खाटीक कसा काम करतो, जुन्या वळणाचे बाप्टिस्ट लोक कसे भजतात, असे त्यांचे विषय होते. बाहेरच्याला जिथे केवळ अभाव दिसला, तिथे ह्यांना कसब, श्रद्धा आणि विनोद दिसला. पण हे केवळ गौरवगान नव्हते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात कोळसा कंपनीचा गाळाचा बांध फुटून १२५ माणसे मेली. कंपनीने ह्याला देवाची करणी म्हटले. ॲपलशॉपच्या मिमी पिकरिंग ह्यांनी १९७५ मध्ये ह्या पुरावर जो माहितीपट केला, त्याच्या शीर्षकातच 'माणसाची करणी' असे उत्तर दिले आहे. २००५ मध्ये त्याची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत झाली. १९८८ पासून ही संस्था पुढच्या पिढीतील तरुणांना माहितीपट शिकवू लागली.

मग कॅमेरा गावकऱ्याच्या हाती आला की प्रश्न मिटतो का? ग्रामीण आणि दलित साहित्याच्या आपल्याकडील वाचकाला हा प्रश्न नवा नाही. ॲपलशॉपच्याच एलिझाबेथ बॅरेट ह्यांनी २००० मध्ये 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' हा माहितीपट केला. विषय तीच १९६७ ची हत्या. बॅरेट त्याच डोंगरांतल्या. तरीही त्यांनी स्वतःला त्या प्रश्नातून वगळले नाही. ज्यांच्या प्रतिमा आपण वापरतो त्यांचे आपण काय देणे लागतो, असे त्या विचारतात, आणि उत्तर सोपे करून देत नाहीत.

जुलै २०२२ च्या महापुरात व्हाइट्सबर्गमधील संस्थेच्या इमारतीत पाणी शिरले आणि अभिलेखागारातील फिती भिजल्या. त्या वाचवण्याची धडपड करावी लागली. कॅमेरा कसा धरावा हे काही आठवड्यांत शिकवता येते. कोणासमोर धरावा, आणि कधी खाली ठेवावा, हे शिकवायला मात्र त्याच गावात राहावे लागते, आणि ज्यांचे चित्रण केले त्यांना दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावे लागते.