वणेला पूर का येतो? कारण बंगालच्या उपसागरात सापडतं

जाम (ता. समुद्रपूर) : पाऊस अरबी समुद्राकडून येतो, असं शाळेत शिकवलं जातं. ते खोटं नाही, पण विदर्भापर्यंत येता येता त्या वाऱ्यांचं बरंचसं पाणी सह्याद्रीवरच रितं झालेलं असतं. वणा नदी (नागपूरकडे तिलाच वेणा म्हणतात) दुथडी भरते ती बहुतेक वेळा उलट्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या पावसाने.

पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत हवेच्या कमी दाबाचा लांबलचक पट्टा तयार होतो. उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र बनलं की ते या पट्ट्याच्या आधाराने ओडिशा, छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेश किंवा विदर्भाकडे सरकतं. अशा क्षेत्राच्या दक्षिण आणि नैऋत्य बाजूला पाऊस जास्त पडतो. ते मध्य प्रदेशावर आलं की आपण नेमके त्याच बाजूला येतो. मग दोन-तीन दिवस झड लागते.

हाच पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की इकडे उघाड पडते. टीव्हीवर बिहार-आसामचा पूर आणि आपल्या वावरात सोयाबीन माना टाकतंय, असं चित्र दिसलं की पट्टा वर गेलाय असं बहुधा समजावं. या उघडझापीमागे आणखी एक कारण असतं. विषुववृत्ताजवळून ढगांचा एक मोठा समूह पश्चिमेकडून पूर्वेकडे 30 ते 60 दिवसांत फेरी मारत असतो. तो हिंदी महासागरावर असला तर पावसाला जोर येतो, पुढे निघून गेला की जोर ओसरतो.

मग एल निनोचं काय? प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की आपल्याकडचा मान्सून कमजोर होण्याची शक्यता वाढते. शक्यताच, खात्री नाही. 1997 साली एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीएवढा झाला. 2023 हे वर्षही एल निनोचं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वात कोरडा ठरला, पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी. पण त्याआधी महिनाभर, 22 जुलैला, शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. म्हणून ‘यंदा एल निनो आहे, पूर येणार नाही’ असं धरून नदीकाठी मोटार, पाइप ठेवणं महागात पडू शकतं. एल निनो सगळ्या हंगामाचा अंदाज देतो, पूर मात्र दोन दिवसांत येतो.

नदी किती चढेल हे जमिनीवरही ठरतं. मृगाचा पाऊस काळ्या जमिनीच्या भेगांत जिरतो, नाल्याला पाणी दिसतही नाही. पुष्य, आश्लेषापर्यंत जमीन पाणी पिऊन तट्ट होते, मग तेवढाच पाऊस सरळ नाल्यात उतरतो. बोर, धाम आणि नांद या नद्यांचंही पाणी शेवटी वणेतच येतं. वर निम्न वेणा प्रकल्पाची नांद आणि वडगाव ही धरणं भरलेली असली आणि दारं उघडली, तर आपल्याकडे पाऊस थांबूनही पाणी चढतं. त्यातच पुढे वर्धा नदी फुगलेली असेल तर वणेचं पाणी लवकर निघत नाही, हिंगणघाटकडच्या काठाच्या गावांत तुंबतं. जुलै 2022 मध्ये समुद्रपूर आणि हिंगणघाट या दोन्ही तालुक्यांनी पूर पाहिला. तेव्हा तर एल निनोच्या उलट, ला निनाचं वर्ष होतं.

म्हणून मोबाइलवर दोन गोष्टी बघाव्यात. एक, नागपूरच्या हवामान केंद्राच्या अंदाजात ‘उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र’ हे शब्द आले का आणि इशारा नारंगी आहे की लाल. दुसरं, वडगाव-नांदच्या विसर्गाची सूचना निघाली का. क्षेत्र ओडिशाच्या किनाऱ्यावरून इकडे पोचायला साधारण एक-दोन दिवस लागतात. जनावरं आणि मोटारी वर आणायला तेवढा वेळ पुरतो.