चॅपल हिलच्या मुली

अमेरिकेतल्या महिलांच्या विद्यापीठीय फुटबॉलचं कूळ शोधायला निघालं, की वाट नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपल हिल गावी जाऊन पोचते. तिथल्या विद्यापीठाचा महिला संघ १९७९ साली उभा राहिला. त्यामागे एक कायदा होता आणि काही मुलींचा हट्ट. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करण्यास मनाई केली. मूळ मजकुरात खेळांचा उल्लेखही नव्हता. पण मैदानं, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या असं सगळंच हळूहळू त्याच्या कक्षेत आलं. चॅपल हिलच्या मुली तेव्हा हौशी क्लब म्हणून खेळत. आम्हाला विद्यापीठाचा अधिकृत संघ हवा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. क्रीडासंचालक बिल कोबी यांनी तो संघ घडवण्याचं काम पुरुष संघाचे तरुण प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांच्याकडे दिलं. डोरन्स यांचा जन्म १९५१चा, आणि तो झाला मुंबईत. वडील तेल कंपनीत असल्यामुळे त्यांचं बालपण देशोदेशी गेलं.

संघ झाला, पण खेळायचं कोणाशी? विद्यापीठांचे महिला संघ मोजकेच होते. महिलांच्या खेळांचा कारभार तेव्हा ‘एआयएडब्ल्यू’ ही संघटना पाहत असे. तिने १९८१ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा चॅपल हिललाच भरवली आणि यजमान मुलींनी ती जिंकली. पुढच्या वर्षीपासून स्पर्धा ‘एनसीएए’ या विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेकडे गेली. १९८२ ते १९९४ या तेरा वर्षांत फक्त १९८५ सालचं विजेतेपद चॅपल हिलच्या हातून निसटलं.

इतकं यश केवळ लवकर सुरुवात केल्याने मिळत नाही. डोरन्स यांनी सरावातली प्रत्येक गोष्ट मोजायला घेतली: धावण्याचा वेग, पास, हेडर, एकास एक झुंजी. मोजायचं आणि क्रम लावून सगळ्यांसमोर टांगायचं. ही कल्पना त्यांनी त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावावरून उचलली होती. १९८३ साली एप्रिल हाइनरिक्स संघात आली. सरावातही ती मैत्रिणींना जराही सूट देत नसे. तिला आवरा, असं गाऱ्हाणं घेऊन काही जणी प्रशिक्षकांकडे गेल्या. त्यांनी आवरलं नाही. उलट तिच्यासारख्या आणखी मुली हव्यात, असंच त्यांना वाटलं. मला या कुळाचं खरं मूळ इथे दिसतं. जिवलग मैत्रिणीला पाडून चेंडू घ्यायचा आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटू द्यायचं नाही, ही मोकळीक मुलींना क्वचितच कुणी दिली होती. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अमेरिकेचे प्रशिक्षक डोरन्स, कर्णधार हाइनरिक्स आणि १८ खेळाडूंपैकी ९ चॅपल हिलच्या. मिया हॅम, क्रिस्टीन लिली त्यातल्याच. अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ने हरवून त्यांनी चषक आणला.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी डोरन्स यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. एकीचा वाद २००४ साली तडजोडीने मिटला, दुसरीचा २००८ साली. मुलींच्या खासगी आयुष्याबद्दल अनुचित बोलल्याबद्दल डोरन्स यांनी लेखी माफी मागितली. चषकांची यादी कितीही लांबली तरी हे त्याखाली झाकता येत नाही.

२०१२नंतर विजेतेपदं आटली. स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट, यूसीएलए हे संघ बरोबरीला आले होते. माझ्या मते हेही चॅपल हिलचंच श्रेय. हरवायला कोणीतरी समोर असल्याशिवाय इतर विद्यापीठांनी एवढा पैसा ओतलाच नसता.

आता अडचण वेगळी आहे: खेळाडू विद्यापीठ टाळून थेट व्यावसायिक होऊ शकतात. ऑलिव्हिया मोल्ट्री हिने अकराव्या वर्षीच या विद्यापीठाची शिष्यवृत्ती स्वीकारली होती. तेराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली आणि चॅपल हिलला आलीच नाही. विद्यापीठातून खेळाडू निवडण्याची ‘ड्राफ्ट’ पद्धत अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगने २०२४ साली बंद केली. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची मुभा मिळाली; २०२५-२६ या पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो. हे मला अन्यायाचं वाटतं. तरीही परदेशी मुलींना इथे यावंसं वाटत आलं आहे. इंग्लंडच्या लुसी ब्रॉन्झ, अलेसिया रूसो आणि लोटी वुबन-मॉय इथेच खेळून घरी परतल्या आणि २०२२ साली युरोपच्या विजेत्या ठरल्या.

ऑगस्ट २०२४मध्ये, हंगाम तोंडावर असताना, डोरन्स निवृत्त झाले. सहायक डेमन नहास यांच्याकडे संघ तात्पुरता आला. डिसेंबरमध्ये जवळच्याच कॅरी गावात अंतिम सामना झाला. समोर वेक फॉरेस्ट, म्हणजे त्याच राज्यातलं विद्यापीठ. चॅपल हिलच्या मुलींनी तो १-०ने जिंकला. एनसीएएचं हे त्यांचं बाविसावं विजेतेपद. नहास यांची नेमणूक त्यानंतर कायम झाली.