सावित्रीकाठची मराठी आणि इस्पाहानचा हाजी

पोलादपूर, महाड करीत सावित्री बाणकोटास समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी १८२३ साली स्कॉटिश मिशनने केंद्र उघडले. पुढे ज्यांचे नाव मुंबईच्या महाविद्यालयास लाभले, ते जॉन विल्सन १८२९मध्ये बाणकोट-हर्णै परिसरातच मराठी शिकले. मुंबईत त्यांनी ब्राह्मण व पारशी पंडितांप्रमाणेच इस्पाहानच्या हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशीही लेखी वाद घातला. या व्यासंगाचा हेतू खंडनाचा होता, हे उघड आहे. तरी खंडनासाठीही प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचावे लागतात. आजच्या पुष्कळ ‘संवादां’त तेवढेही घडत नाही. आम्हांला खटकते ते निराळेच. महाड-बाणकोटच्या कोकणी मुसलमानांचा रोजचा शेजारधर्म अशा ग्रंथप्रामाण्याच्या वादात विषय होऊच शकत नव्हता.